व्हर्मीरची मुलगी रंगवण्याआधी

तैलरंगातलं व्यक्तिचित्र प्रत करून शिकायचं असेल, तर सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ हे चित्र घ्या. साधारण १६६५ सालचं हे चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. पार्श्वभूमी रिकामी, रंग मोजके. सगळी परीक्षा चेहऱ्यात.

मूळ चित्र ३९ सेंमी रुंद, ४४.५ सेंमी उंच. याच मापाचे दोन प्रिंट काढा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. माप तेच असलं की डिव्हायडरने अंतरं थेट उचलता येतात. तयार कॅनव्हास ४० × ५० सेंमीचा असेल, तर त्यावर मूळ मापाचा चौकोन आखून बाहेर टेप लावा; जागा भरायला मान लांबवू नका. कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबर या तपकिरी रंगाचा हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. कोऱ्या पांढऱ्यावर प्रत्येक छटा गडद भासते, म्हणून सावल्या हमखास फिक्या राहतात.

रेखाटनात एक जागा आधीच ओळखून ठेवा. नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळले आहेत. तिथे रेघ मारली की चेहरा गेला.

टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, अलिझरिन, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, आयव्हरी ब्लॅक एवढे रंग पुरतात. फेट्याच्या पिवळ्या भागासाठी कॅडमियम यलो लाइट. व्हर्मीरचा पांढरा शिशाचा होता, विषारी, पण मिसळताना सौम्य. टायटॅनियम जोरकस आहे. जरा जास्त पडला की त्वचा खडूसारखी दिसते. म्हणून त्वचेच्या पाच छटा आधी पॅलेटवर कालवा आणि कृष्णधवल प्रिंटशेजारी धरून, डोळे बारीक करून तपासा.

पहिला थर फक्त अंबर आणि टर्पेंटाइनचा. जवसाच्या तेलाचं प्रमाण पुढच्या थरांतच वाढवा. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. पार्श्वभूमी मुळात काळी नव्हती, तिथे हिरवा पडदा होता. त्याचा पारदर्शक थर काळाच्या ओघात उडाला. आजचं रूप रंगवायचं की मूळचं, हे आत्ताच ठरवा. मोती शेवटी: वरचा ठिपका आणि खाली कॉलरचं प्रतिबिंब, बस. डुलाला कडी नाही, काढू नका.

आणि झाकणाचा, पाणी भरलेला पत्र्याचा डबा वापरलेल्या फडक्यांसाठी हाताशी हवाच. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात.