सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते? गॅरेज गाठण्याआधी दोष असा शोधा

ठाण्यात कापूरबावडीहून गायमुखकडे निघालेल्या माणसाला चौथ्या गिअरचं सुख फार वेळ लाभत नाही. मेट्रोच्या खांबांपाशी अरुंद झालेला रस्ता, सर्व्हिस रोडवरून मध्येच शिरणारी रिक्षा, मानपाड्याची गर्दी, आणि दर वेळी ब्रेक. अशा रस्त्यावर धावताना ठणठणीत असलेली, पण थांबायला आली की आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा खाली टाकून बंद पडणारी गाडी म्हणजे नुसता मनस्ताप नाही, धोकाही आहे. मागे कंटेनर असतो.

हा दोष शोधायला तसा सोपा. अडचण एवढीच की गॅरेजमध्ये तो बहुतेक वेळा अंदाजाने शोधला जातो. आधी प्लग बदला, मग कॉइल, मग पेट्रोल पंप, आणि तीन बिलांनंतर कळतं की एक रबरी पाइप फाटला होता. गाडी नेमकी कधी बंद पडते याची नीट नोंद तुमच्याकडे असेल, तर निम्मं निदान घरीच होतं.

थांबतानाच का?

गाडी वेगात आणि गिअरमध्ये असते तेव्हा चाकंही इंजिनाला फिरवत असतात. क्लच दाबला की इंजिन एकटं पडतं. ॲक्सिलरेटर सोडलेला, इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली, आरपीएम दीड हजारावरून खाली येतोय. तो साधारण ७०० ते ९०० च्या दरम्यान सावरणं हे इंजिनाच्या कंप्युटरचं, म्हणजे ईसीएमचं काम. त्यासाठी हवा फार थोडी लागते, पण ती बरोबर मापात लागते. मापात जरा चूक झाली की काटा सावरत नाही, तसाच शून्यावर जातो. वेगात लपून राहिलेला बारीक दोष म्हणूनच सिग्नलला उघडा पडतो. ‘हायवेला काही त्रास नाही, म्हणजे इंजिन ठीक आहे’ हे वाक्य मेकॅनिकने म्हटलं तरी मान्य करू नका.

चालता चालता बंद पडली तर

हझार्ड लाइट लावा. चावी मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी न्यूट्रलला टाका; ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’ला. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होतं. ब्रेक लागतो, पण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेली निर्वात पोकळी एकदोन दाबांपुरतीच पुरते. त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून मारू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. डावीकडे जागा मिळाली की मग स्टार्ट करून पाहा. गायमुखच्या उतारावर किंवा ऐरोली पुलावर हे घडत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी त्या रस्त्याला नेऊच नका.

आधी जे दोष नाहीतच, ते बाजूला काढा

अनेक नव्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होण्याची सोय असते. डॅशबोर्डवर गोल बाणात ‘ए’ अक्षर दिसतं. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि ते थेट गॅरेज गाठतात. ती सोय बंद करण्याचं बटण असतं. ते दाबून एक दिवस चालवून पाहा.

दुसरं म्हणजे क्लच. तिसऱ्या गिअरमध्ये रांगत जाऊन शेवटच्या क्षणी क्लच दाबला तर कोणतीही गाडी झटका देऊन बंद पडेल. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात गाडी द्या. त्याच्याकडून बंद पडत नसेल तर दोष कुठे आहे ते कळलंच.

तिसरं, बॅटरी नुकतीच बदलली आहे का? बॅटरी काढल्यावर काही गाड्यांचा ईसीएम आयडलिंगचं, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद फिरत ठेवण्याचं, शिकलेलं माप विसरतो आणि गाडी काही काळ अशी बंद पडते. त्यावरचा उपाय पुढे थ्रॉटलच्या भागात आहे.

चार दिवस नोंद ठेवा

मोबाइलमध्ये प्रत्येक वेळी एवढं टिपा: इंजिन थंड होतं की तापलेलं, पेट्रोलवर की सीएनजीवर, एसी चालू की बंद, ब्रेक जोरात दाबला होता की गाडी नुसती रांगत थांबली, टाकीत किती इंधन होतं, लगेच सुरू झाली की थांबावं लागलं. बंद पडताना काट्याकडेही लक्ष द्या. तो डगमगत खाली आला की एकदम पडला? मात्र वर्दळीत काट्याकडे बघत बसू नका. ही चाचणी रविवारी सकाळी हिरानंदानी इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर किंवा खारघरच्या रुंद सेक्टर रस्त्यांवर करा, शेजारी कोणी तरी बसवून.

सीएनजीची गाडी असेल तर इथून सुरुवात

ठाणे-नवी मुंबईत सीएनजीच्या गाड्या एवढ्या आहेत की माझ्या मते पहिला प्रश्न हाच असावा. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्या आणि रोजच्याच रस्त्याने दोन दिवस चालवा.

फक्त सीएनजीवर बंद पडते? मग आधी स्पार्क प्लग पाहा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. प्लगचं टोक झिजून फट वाढली असेल किंवा पांढऱ्या चिनी मातीला तडा असेल तर सगळे प्लग एकदम बदला. एकच बदलण्यात अर्थ नाही. कॉइल आणि तिच्या रबरी बुटालाही तडे गेलेत का ते पाहा.

प्लग चांगले निघाले तर गॅसचा फिल्टर आणि रिड्युसर. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. रिड्युसर तो काही मोजक्या बारवर आणतो. दाब एवढा उतरला की गॅस प्रचंड गार होतो, म्हणून रिड्युसरमधून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. इंजिन आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाण्यामागे हेही एक कारण आहे. कूलंट कमी असेल तर रिड्युसर गार राहतो, दाब हेलकावे खातो आणि सिग्नलला गाडी मान टाकते. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघणं हे फुकटचं काम आहे, ते आधी करा. गॅसच्या नळ्यांना मात्र हात लावू नका. वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा; पुढचं काम अधिकृत सीएनजी फिटरचं.

उलट, फक्त पेट्रोलवरच बंद पडत असेल, तर बहुधा पेट्रोलकडे झालेलं दुर्लक्ष नडलं आहे. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलमुळे थंड राहतो. वर्षभर काटा रिझर्व्हला ठेवून गॅसवर चालणाऱ्या गाडीत तो तापून थकतो, इंजेक्टरही चिकटतात. टाकी निदान पाव भरलेली ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. कमी पेट्रोलमध्ये आणखी एक गंमत होते: ब्रेक मारल्यावर उरलेलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. टाकी भरल्यावर त्रास गेला, तर शोध तिथेच संपला.

दोन्ही इंधनांवर बंद पडत असेल, किंवा गाडी नुसती पेट्रोलची असेल, तर पुढे वाचा.

थ्रॉटल बॉडी: सर्वांत मोठा संशयित

थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला काळा कार्बन साचतो. वेगात झडप उघडी असते, तेव्हा फरक पडत नाही. थांबताना मात्र केसाएवढ्या फटीतूनच हवा जायची असते, आणि तीच फट बुजलेली असते. जुन्या, केबलवाल्या गाड्यांत यासाठी वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो, तोही असाच तुंबतो. एसी लावला की जास्त बंद पडते, थंड असताना ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवावा लागतो, अशी लक्षणं असतील तर इथेच हात घाला.

चावी काढा, इंजिन थंड होऊ द्या. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप सैल करून काढा. त्यावर सेन्सर असेल तर त्याचा कनेक्टर हलक्या हाताने सोडवा. थ्रॉटल बॉडी क्लीनर झडपेवर थेट फवारण्यापेक्षा कापडावर घेऊन कडा पुसा. झडप विजेवर चालणारी असेल तर बोटाने जोर लावू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर हा स्प्रे अजिबात मारायचा नाही. त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

सफाईनंतर पुष्कळ गाड्यांना आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं. पद्धत गाडीगणिक वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये पाहा किंवा स्कॅनरवरून करून घ्या. हे राहून गेलं की सफाईनंतर आरपीएम हजार-दीड हजारावर अडकतो किंवा गाडी आधीपेक्षा जास्त बंद पडते, आणि लोक सफाईलाच दोष देतात.

ब्रेक दाबला तरच बंद पडते?

नोंदवहीत हे दिसलं तर ब्रेक बूस्टरकडे वळा. पेट्रोल गाडीत बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी सहसा इंजिनाच्या मॅनिफोल्डमधूनच, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतूनच येते. बूस्टरचा पडदा किंवा त्याचा पाइप फाटला असेल तर ब्रेक दाबताच न मोजलेली हवा इंजिनात शिरते. डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, म्हणून तिथे हा संशय घेऊ नका. डिझेलमध्ये फिल्टरमधलं पाणी आणि अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) आधी पाहा.

चाचणी उभ्या गाडीत होते. हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, खिडक्या बंद करा आणि ब्रेक दाबून धरा. पेडलजवळून ‘स्स्स’ असा आवाज सतत येतोय आणि आरपीएम हलतोय, तर गळती आहे. मग इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर ते काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. इथे प्रश्न ब्रेकचा आहे.

बाकीचे व्हॅक्यूम पाइपही बोटांनी वाकवून बघा, तडे वाकवल्यावरच दिसतात. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. आग लागण्याचा धोका आहे, घरी करू नका.

विजेकडे एक नजर

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलतात का? पांढरी बुरशी? मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दाखवते. सिग्नलला हेडलाइट मंद होत असतील तर अल्टरनेटर तपासून घ्या.

तापल्यावरच बंद पडते, काटा एकदम शून्यावर जातो आणि गार झाल्याशिवाय सुरू होत नाही, तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या टिपणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. पेट्रोल भरून निघाल्या निघाल्या बंद पडते, तर टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. ऑटोमॅटिक गाडी थांबता थांबता ‘एन’ला टाकली की बंद पडत नाही, असं दिसलं तर इंजिन सोडा, गिअरबॉक्सकडे बघा. एएमटीत (मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या गाडीत) क्लच वेळेवर न सुटणं हे कारण असू शकतं, आणि त्याचं कॅलिब्रेशन स्कॅनरवर होतं.

पावसाळ्यात दमट झालेली कॉइल आणि कनेक्टर हे वेगळंच दुखणं. पण साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर वरची एकही पायरी करू नका आणि स्टार्टरही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्या.

स्कॅनर

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असेल तर स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावून ईसीएमने नोंदवलेले दोषाचे कोड मोबाइलवर वाचता येतात. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, पी०३०० पासूनचे कोड मिसफायरचे, पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. कोड आला म्हणजे तो पार्ट खराब, असं नाही. वायर किंवा कनेक्टरही असू शकतो. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण त्या क्षणाची नोंदही सोबत पुसली जाते.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, दिसत असेल तर आयडलला आणि मग २,५०० आरपीएमला वाचा. आयडलला +१० टक्क्यांच्या वर आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याजवळ, तर कुठून तरी चोरटी हवा येतेय. दोन्हीकडे चढा असेल तर पेट्रोलचा दाब किंवा हवेचा सेन्सर तपासायला सांगा.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘गाडी बंद पडते, बघा जरा’ एवढंच सांगून चावी देऊ नका. ‘तापल्यावर, एसी चालू असताना, दोन्ही इंधनांवर, ब्रेक न दाबताही’ असं सांगा आणि नोंद दाखवा. पार्ट बदलण्याआधी कोणत्या चाचणीत तो खराब ठरला ते विचारा, जुना पार्ट परत मागा. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या, नाहीतर नेमकं काय लागू पडलं ते कळणार नाही.

गाडी ताब्यात घेताना आवारात एक फेरी मारून समाधान मानू नका. मेकॅनिकला शेजारी बसवा, इंजिन पूर्ण तापू द्या, एसी लावा, ज्या इंधनावर बंद पडायची त्यावर टाका आणि तीन हात नाक्यापर्यंत जाऊन या. बिलावर सही त्यानंतर.