हँडहेल्ड कन्सोलची स्टिक आपोआप सरकत असल्यास : माझा अनुभव

माझ्या हँडहेल्ड कन्सोलची डावी स्टिक हात न लावताही वरच्या दिशेने सरकत असे. मेनूतील निवड आपोआप बदले आणि खेळातले पात्र थांबतच नसे. कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्यबिंदू कन्सोलला नव्याने ओळखवणे) केले, डेडझोन (मध्याजवळची जी हालचाल कन्सोल मोजत नाही तो भाग) वाढवला, स्टिकच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडले. दोष दर वेळी परतला आणि मनस्ताप वाढला.

कारण रचनेतच आहे. सामान्य स्टिकमध्ये धातूची पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते व तिथल्या रोधावरून स्थिती ठरते. पट्टी झिजली की स्टिक मध्यावर असूनही चुकीचे मूल्य जाते, आणि ही झीज साफसफाईने भरून निघत नाही. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या हॉल परिणामावर (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह वाहणाऱ्या वाहकात आडवा विद्युतदाब निर्माण होणे) चालणाऱ्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, म्हणून बदलायचीच तर हीच बसवावी. मात्र ती आपल्याच मॉडेलसाठी बनलेली आणि सोल्डरिंगशिवाय बसणारी आहे, याची खात्री आधी करावी.

कन्सोल स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद केला. मागचे झाकण उघडून सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवला. नंतर रिबन केबलची खिट्टी अलगद उचलून (ती फार नाजूक असते) केबल सरळ मागे ओढली, स्टिकचे स्क्रू काढले, नवी स्टिक बसवली, केबल पूर्ण आत सरकवून खिट्टी दाबली. बॅटरी जोडून झाकण लावण्याआधीच चाचणी घेतली. शेवटी कॅलिब्रेशन पुन्हा केले. नव्या स्टिकचा मध्यबिंदू जुन्यापेक्षा वेगळा असल्यामुळे ही पायरी टाळता येत नाही.