डेटा सपाट, तरी स्टॅक ओव्हरफ्लो: व्हॅलिडेशनच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

जावात जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) तपासणाऱ्या सर्व्हिसवर काम सुरू केलंत की स्टॅकओव्हरफ्लोएरर, म्हणजे मेथड कॉल्सची रचलेली चळत (स्टॅक) जागेबाहेर गेल्याचा एरर, आज ना उद्या गाठतोच. रिकर्शन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. अडचण अशी की या कामात एररचं मूळ बरेचदा तुम्ही लिहिलेल्या रिकर्शनमध्ये नसतंच, आणि नवा माणूस दोन दिवस तिथेच खणत बसतो.

आधी ट्रेस, म्हणजे एररसोबत छापली जाणारी कॉल्सची यादी, वाचा. जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं इंजिन) डीफॉल्टने वरच्या १०२४ फ्रेम्सच, म्हणजे एकेका कॉलच्या नोंदी, दाखवतो, त्यामुळे खालचं टोक, म्हणजे हे सगळं कुणी सुरू केलं तेच, कापलं गेलेलं असतं. मॅक्स-जावा-स्टॅक-ट्रेस-डेप्थ हा फ्लॅग एक लाखावर न्या आणि पुन्हा चालवा. मग आवर्तन शोधा. दर चार-पाच ओळींनी तीच नावं परत येत असतात. टू-स्ट्रिंग किंवा हॅशकोड या मेथड्स दिसल्या तर पालक आणि मूल ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसलेत. बीन व्हॅलिडेशन (जावा ऑब्जेक्टच्या फील्डवर नियम लावायची प्रमाण पद्धत) असली चक्रं स्वतः ओळखतं आणि सोडून देतं. फुटतं ते सहसा एरर लॉग करताना, आणि शिव्या मात्र व्हॅलिडेटर खातो.

इथे कुणीतरी सीनियर मागून म्हणणार, ‘एक्स-एस-एस (थ्रेडच्या स्टॅकचा आकार ठरवणारा फ्लॅग) वाढव आणि पुढे हो.’ उपाय म्हणून हा सल्ला वाईट आहे, चाचणी म्हणून उत्तम. ६४-बिट लिनक्सवर साधारणपणे प्रत्येक थ्रेडला १ एमबी स्टॅक मिळतो. तो ८ एमबी करा आणि तोच इनपुट द्या. एरर गेला तर खोली मर्यादित आहे. तरीही आला तर बहुधा न संपणारं चक्र आहे. उत्तर मिळालं की आकडा परत खाली आणा. टॉमकॅट या वेब सर्व्हरच्या डीफॉल्ट २०० थ्रेड्सना ८ एमबी म्हणजे १६०० एमबी ॲड्रेस स्पेस राखून ठेवणं, आणि उद्या कुणी आठपट मोठा इनपुट पाठवला की पुन्हा तेच.

चक्र असेल तर स्कीमातले (डेटाचे नियम लिहिलेल्या फाइलमधले) रेफ, म्हणजे दुसऱ्या स्कीमाकडे दाखवणारे संदर्भ, तपासा. एकच प्रश्न विचारा: प्रत्येक फेरीला डेटात एक पायरी खाली उतरतोय का? ‘मुलं’ या ॲरेतला प्रत्येक घटक पुन्हा मूळ स्कीमाकडे बोट दाखवतो, हे चालतं, कारण डेटा कधीतरी संपतो. पण ‘क’च्या ऑल-ऑफमध्ये (‘हे सगळे स्कीमा लागू’ अशा यादीत) ‘ख’ आणि ‘ख’च्या ऑल-ऑफमध्ये ‘क’ असेल तर रिकामा ऑब्जेक्ट दिला तरी फुटेल. रिकाम्या ऑब्जेक्टची ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती आधी करा.

आता खरा सापळा. डेटात नेस्टिंग नाही, स्कीमात चक्र नाही, तरी ट्रेसमध्ये पॅटर्न, लूप, ग्रुपटेल, ब्रँच अशी रांग. दोषी आहे एका फील्डचा रेजेक्स, म्हणजे मजकूर कसा असावा ते सांगणारा पॅटर्न. (अ|ब)* असा, कंसात पर्याय आणि बाहेर स्टार असलेला पॅटर्न जावाचं इंजिन प्रत्येक फेरीला नव्या मेथड कॉल्सनी जुळवतं, कारण मागे फिरायची वाट त्याला लक्षात ठेवावी लागते. म्हणजे स्टॅकची खोली मजकुराच्या लांबीइतकी वाढते. दोनशे अक्षरांना काही होत नाही, काही हजारांना कोसळतं. सगळ्यात जास्त दिसणारं रूप म्हणजे ‘डॉट किंवा नवी ओळ’ कंसात घालून त्यावर स्टार. त्याऐवजी डॉट-ऑल मोड लावा, त्यात डॉट नव्या ओळीलाही जुळतो. (अ|ब)* ऐवजी [अब]* लिहा, कॅरेक्टर क्लास साध्या लूपने फिरतो. स्वल्पविरामाची यादी (,[अ-ह]+)* अशी असेल तर शेवटी अधिकचं चिन्ह जोडा: (,[अ-ह]+)*+. असा पझेसिव्ह (एकदा जुळलेलं परत न सोडणारा) झाल्यावर इंजिन मागे फिरत नाही, स्टॅक वाढत नाही. इथे अर्थही बदलत नाही, कारण घटकात स्वल्पविराम येऊच शकत नाही. जिथे ही खात्री नाही तिथे हे अधिकचं चिन्ह डोळे मिटून लावू नका.

आणि ‘मी कमाल लांबी घातलीय की’ असं म्हणून निर्धास्त होऊ नका. जेसन स्कीमात मॅक्स-लेंग्थ आणि पॅटर्न हे एकमेकांपासून स्वतंत्र नियम आहेत. लांबी नापास झाली तरी पॅटर्न चालवला जाऊ शकतो. बीन व्हॅलिडेशनमध्येही एकाच फील्डवरच्या साइझ आणि पॅटर्नचा क्रम ठरलेला नसतो, तो हवा असेल तर ग्रुप सीक्वेन्स, म्हणजे नियमांचे गट क्रमाने लावणं, लागतो. लांबीची तपासणी रेजेक्सच्या आधीच होते, हे स्वतः बघून घ्या.

खोल डेटाचं त्या मानाने सोपं आहे. एक लाख उघडे चौकोनी कंस म्हणजे जेमतेम १०० केबी, तेव्हा बॉडीच्या आकारावरची मर्यादा इथे वाचवत नाही. जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीच्या २.x मालिकेत २.१५ पासून नेस्टिंगची (एकात एक किती पातळ्या याची) मर्यादा डीफॉल्ट १००० आहे. तुमचा खरा डेटा दहा-बारा पातळ्यांचा असेल तर ती ५० वर आणा.

लोकलला एरर कधी येतो, कधी येत नाही म्हणून घाबरू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. गरम झालेल्या, म्हणजे बराच वेळ चालू असलेल्या, जेव्हीएममध्ये कंपाइल झालेल्या फ्रेम्स सहसा लहान असतात, म्हणून तोच इनपुट रीस्टार्टनंतर लगेच फुटतो आणि तासाभराने पास होतो. टेस्ट लिहिताना थ्रेडच्या कन्स्ट्रक्टरचा चौथा पॅरामीटर वापरून २५६ केबी स्टॅक मागा, आणि पकडताना ‘एक्सेप्शन’वर विसंबू नका. हा ‘एरर’ आहे, तो त्या कॅचमधून सरळ निसटतो आणि थ्रेड मरूनही टेस्ट हिरवी दिसते.