ट्रेजर टेबल बनवताय? या चुका टाळा

बेळगावात जूनला पाऊस लागला की बाहेर पडणं बंदच, मग दर रविवारी वडगावात मित्राच्या माळ्यावर आमची डंजन्स अँड ड्रॅगन्सची फँटसी कॅम्पेन (फाशांवर खेळायची लांबलचक गोष्ट) चालते, पाच प्लेयर आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. पहिलं ट्रेजर टेबल, म्हणजे खजिन्यात काय निघालं ते फाशावरून ठरवायची यादी, मी वीस ओळींचं केलं, विसाव्या ओळीत जादूची तलवार, डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाकायचा आणि बघायचं. तिसऱ्या रविवारपर्यंत तीन तलवारी निघाल्या की ओ, चौथ्याला गुहेत शिरायचं म्हटलं तर कुणालाच कशाची भीती राहिली नव्हती.

चूक फाशाची नव्हती, टेबलाची होती. डी-ट्वेंटीवर प्रत्येक ओळीला सारखाच चान्स, ५ टक्के. एका रविवारी आठ वेळा टाकला तर निदान एकदा २० पडायचा चान्स ३४ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यापेक्षा सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज घ्या. एकूण ३६ जोड्या, त्यात ७ सहा प्रकारांनी येतो, २ आणि १२ एकेकाच प्रकारानं, म्हणजे ३ टक्क्यांच्याही आत. ६, ७, ८ मिळून ४४ टक्के, तिथं चिल्लर, दोरखंड, मशाली असलं लिहा आणि तलवार १२ वर ठेवा. फक्त ओळींचे नंबर २ पासून धरा, १ वर लिहिलेलं कधीच निघणार नाही. डी-हंड्रेड (१ ते १०० आकड्यांचा फासा) वापरत असाल तर ०१ ते ४० आणि परत ४० ते ६५ असं लिहू नका, ४० पडला की भांडण ठरलेलं.

दुसरी चूक, सगळ्या जागांना एकच टेबल. भीमगडसारख्या जंगलातल्या ओसाड किल्ल्यात कोरा रेशमी झगा कसा काय निघेल? मी आता व्यापाऱ्यांच्या तांड्याचं टेबल वेगळं ठेवतो, त्यात तंबाखूची पोती, खानापूरसारखी मातीची भांडी, साड्यांचे गठ्ठे, आणि ते कुठं विकायचं याच्यावरच आमचा अख्खा एक रविवार मस्त गेला. सोन्याच्या नाण्याला होन, तांब्याच्याला शिवराई म्हणतो, पण हिशेब गेमचाच, एका सोन्याला शंभर तांब्याची.

वजन तर हमखास विसरतात. गेमच्या पाचव्या एडिशनमध्ये ५० नाण्यांचा एक पौंड, म्हणजे २००० तांब्याची नाणी ४० पौंड, जवळजवळ १८ किलो, आणि किंमत फक्त २० सोन्याची! एवढं उचलून पळणार कोण ते टेबल लिहितानाच बघा.

गोष्ट पुढं न्यायला लागणारी किल्ली किंवा नकाशा टेबलात टाकूच नका, नाही निघाला तर गेम तिथंच अडकतो. आणि एका टेबलावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जावं लागत असेल तर फासे घरीच आधी टाकून ठेवा, नाहीतर प्लेयर मोबाइल काढतात.

टेबल आधीच बिघडलं असेल तर प्लेयरच्या हातातली वस्तू हिसकावून घेऊ नका, वाईट वाटतं. निघालेल्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारा आणि तिथं त्याच वस्तूला शोधत आलेला तिचा जुना मालक लिहा. आमच्या तीनपैकी दोन तलवारी अशाच परत गेल्या, एक तर पोरांनी आपणहून दिली.