लांबलचक पारिभाषिक शब्द शब्दकोड्यांतून शिकवताय? या चुका टाळा

‘बाष्पोच्छ्वास’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलं तो वहीत उतरवत नाहीत, त्याचं चित्र काढतात. एक रेघ बघायची, एक ओढायची, पुन्हा फळ्याकडे बघायचं. असा शब्द पाठ झाला तरी परीक्षेपुरताच राहतो. म्हणूनच शब्दकोड्यांवर माझा विश्वास आहे आणि बरीच वर्षं मी ती वर्गात वापरते आहे. इतर शिक्षकांनी केलेली कोडीही माझ्याकडे बघायला येतात आणि त्यांत त्याच त्या चुका दिसतात. त्यातल्या दोन मला अगदीच सोसत नाहीत. त्यांच्यावर सविस्तर लिहिते, बाकीच्या थोडक्यात उरकते.

शब्द शोधला म्हणजे शब्द आला असं मानणं

अक्षरांचं मोठं जाळं, त्यात आडवे, उभे, तिरके लपवलेले शब्द आणि खाली त्याच शब्दांची यादी. हे कोडं करायला पाच मिनिटं लागतात, मुलंही खूश होतात, म्हणून घाईत असलेला शिक्षक पहिलं हेच उचलतो. मीही उचललं होतं. आठवीच्या वर्गाला विज्ञानातल्या १५ शब्दांचं जाळं दिलं. दहा मिनिटांत बहुतेकांनी सगळे शब्द गोल करून दाखवले. ‘प्रकाशसंश्लेषण’सारखा सात अक्षरी शब्दही कुणाचा सुटला नव्हता. तो तास फार छान झाला असं मला वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गात विचारलं, “संश्लेषण म्हणजे काय?” एकही हात वर आला नाही. मग सगळ्यांत आधी कोडं संपवणाऱ्या मुलाला विचारलं, “अरे, तू हा शब्द शोधलास कसा?” तो म्हणाला, “बाई, ‘श्ले’ एकाच ठिकाणी होता ना!”

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. कोड्याने त्याला यादीतलं चित्र जाळ्यातल्या चित्राशी जुळवायला सांगितलं होतं आणि त्याने ते चोख केलं होतं. शब्द आठवायला, त्याचा अर्थ लावायला कोड्याने सांगितलंच नव्हतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग मला या मुलामुळे नीट कळला. मजकूर पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत ज्यांनी मजकूर न बघता आठवून लिहिला होता, ते पुढे गेले. माझ्या वर्गाने दहा मिनिटांत मिळवलेलं यश त्या पहिल्या प्रकारचं होतं.

आता मी यादी देतच नाही. यादीच्या जागी सूत्रं, म्हणजे शब्द ओळखायचे इशारे, देते आणि आधी शब्द वहीत लिहून घेते, जाळं नंतर. शब्द मनातून काढावा लागला तरच जाळ्याला अर्थ आहे. आणि शब्द सापडला की त्याचे सांधे उसवायचे, ही माझी सक्तीच आहे. संश्लेषण म्हणजे सम् आणि श्लेषण. श्लिष् म्हणजे चिकटणं, जुळणं. वनस्पती प्रकाशाच्या मदतीने साध्या पदार्थांची जुळणी करून अन्न बनवते, ते प्रकाशसंश्लेषण. जुळलेलं सुटं करणं ते विश्लेषण. मराठीच्या तासाला शिकवलेला श्लेष अलंकार याच घरातला, तिथे एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटलेले असतात. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मग विश्लेषण करा म्हणजे सुटं सुटं करा?” तीन वर्षं ती प्रश्नपत्रिकेत ‘विश्लेषण करा’ वाचत होती आणि ते तिला त्या दिवशी कळलं.

घरं चुकीच्या जागी पाडणं

ही दुसरी चूक. इथे मी कुणालाच सूट देत नाही, कारण यातून मुलांचं लेखन बिघडतं.

आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं रोमन लिपीत जन्माला आलं. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात छापून आलं. त्या लिपीत एका घरात एक वर्ण, विषय संपला. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर यांच्यासकट एक अख्खं अक्षर एका घरात बसतं. बाष्पोच्छ्वास हा शब्द उच्चारायला केवढा तरी वाटतो, पण त्याची घरं चारच: बा, ष्पो, च्छ्वा, स.

एका सहकारी शिक्षिकेने संगणकावर आपोआप कोडं करून देणारं साधन वापरलं. ते रोमन लिपीसाठी बनवलेलं होतं. संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्या युनिकोडमध्ये मराठी अक्षर सुट्या तुकड्यांत साठवलेलं असतं: ब वेगळा, काना वेगळा, हलन्ताचं, म्हणजे पाय मोडल्याचं, चिन्ह वेगळं. त्या साधनाने प्रत्येक तुकड्याला एक घर दिलं. बाष्पोच्छ्वासाची चाराऐवजी तेरा घरं झाली. मुलांना मदत म्हणून काही घरं आधीच भरलेली होती आणि त्यांत तुटक ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला नुसता काना, नुसतं पाय मोडल्याचं चिन्ह असे अवशेष छापले गेले. ४० प्रती काढून झाल्या होत्या. वेळ नव्हता, म्हणून तशाच वाटल्या. मुलांनी आपापल्या परीने तोडगे काढले. कुणी चिन्हं खोडली, कुणी प्रत्येक घरात एकेक पूर्ण अक्षर भरलं. त्यानंतर कितीतरी दिवस काही वह्यांत ‘बाषपोचछवास’ दिसत राहिला. चाळीस मुलांच्या डोक्यात चुकीचं लेखन भरण्यापेक्षा तो तास कोड्याविना गेला असता तर काहीही बिघडलं नसतं, असं मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. आपोआप होणाऱ्या गोष्टीची एक प्रत छापून, पेन्सिलने स्वतः सोडवून बघायला दहा मिनिटंच लागतात.

हे टाळायला लोक दुसरी पळवाट काढतात. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे अक्षर सारखंच हवं. ‘श्ले’ला छेदणारा दुसरा शब्द मिळणं अवघड, म्हणून ‘मात्रा आणि जोडाक्षर धरू नका’ असा नियम करून ‘श्ले’च्या घरात ‘श’ लिहायला सांगतात. कृपा करून हे करू नका. जो शब्द नीट लिहायला शिकवायचा, त्याच शब्दात मोडतोड करायची परवानगी आपणच कशी द्यायची? मी लांब शब्द कण्यासारखा मधोमध आडवा टाकते आणि छेद त्याच्या सोप्या अक्षरांवर घेते. प्रकाशसंश्लेषणात ‘का’वर अवकाश किंवा विकास बसतो, ‘ष’वर पोषण बसतं. अवघड जोडाक्षराचं घर मोकळं राहू द्यावं. ते मुलाने स्वतःच्या जोरावर भरावं, तिथेच खरी कसोटी आहे.

आणि घरं बरोबर पाडली तरी एक अडचण उरतेच, तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. घरांची विभागणी आणि शब्दाची जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अंतर्गोल’ची घरं अं, त, र्गो, ल. शब्द जोडला गेलाय मात्र अंतर् आणि गोल असा. रफार पुढच्या घरात उडी मारतो आणि सांधा नेमका झाकला जातो. बाष्पोच्छ्वासात तर दोन सांधे आहेत: उत् आणि श्वास मिळून उच्छ्वास, मग बाष्प आणि उच्छ्वास मिळून बाष्पोच्छ्वास. वाफेच्या रूपात बाहेर टाकलेला श्वास. हे एकदा दिसलं की ‘च्छ्वा’ची भीती जाते, कारण ते जोडाक्षर कुठून आलं ते कळलेलं असतं. म्हणून माझ्या प्रत्येक कोड्याखाली एक रिकामी ओळ असते, ‘हा शब्द सांध्यावर तोडा’. कोडं पूर्ण भरलं आणि ती ओळ रिकामी ठेवली तर कोडं अपुरं.

एकटा शब्द देणं

लांब शब्द कुटुंबात राहतात. परावर्तन, अपवर्तन, विवर्तन हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या दिवशी दिले तर मुलं त्यांचा गोंधळ घालणारच. मी ‘वर्तन’ची एक चिठ्ठी करते आणि परा, अप, वि, परि, आ यांच्या वेगळ्या चिठ्ठ्या. परत वळणं ते परावर्तन, वाट सोडून वळणं ते अपवर्तन. जोड्या मुलांनीच लावायच्या. एखादी जोडी कोशात नसते, तर नसू दे. ‘असा शब्द असता तर त्याचा अर्थ काय झाला असता?’ या प्रश्नावर होणारी चर्चा मला सगळ्यांत आवडते.

शिडीचं कोडंही याच कामाचं: केंद्र, केंद्रीकरण, विकेंद्रीकरण. प्रत्येक पायरीवर एक तुकडा वाढतो. इथेच -करण आणि -भवन यांतला फरक दाखवून टाकावा. निर्जंतुकीकरण कुणीतरी करावं लागतं, बाष्पीभवन आपलं आपण होतं. मधला ‘ई’ सांगतो की जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं: पाणी बाष्प नव्हतं, बाष्प झालं. व्याकरणात याला च्वी प्रत्यय म्हणतात. मुलांना नाव सांगितलं नाही तरी चालेल, काम मात्र कळायला हवं.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या सूत्र म्हणून चिकटवणं

‘प्रकाशाच्या साहाय्याने वनस्पती अन्न तयार करतात ती प्रक्रिया’ हे वाचून मुलं पुस्तकात तेच वाक्य शोधतात आणि शब्द उचलतात. त्याऐवजी ‘हिरवं पान हे उजेडात करतं, अंधार पडला की थांबतं’ असं लिहा. अपवर्तनासाठी ‘पाण्यात बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते ती यामुळे’. सूत्र लिहायला वेळ लागतो, माझा एका सूत्राला कधीकधी अर्धा तास जातो. तो वाचवायचा असेल तर कोडं करू नका, सरळ शिकवा.

चुकीचं रूप छापणं

‘आनुवंशिक, अनुवांशिक, आनुवांशिक यांतला बरोबर शब्द ओळखा’ असले प्रश्न मी पूर्ण बंद केले. बरोबर आहे ‘आनुवंशिक’. अनुवंशला -इक लागला, पहिल्या अक्षराची वृद्धी झाली, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ झाला, ‘वं’ला हात लागला नाही. पण तीन रूपं डोळ्यांसमोर नाचली की ज्यांना शब्द पक्का येत होता तीही मुलं अडखळू लागतात. कोड्यात फक्त बरोबर रूप दिसावं.

आणखी काही

एका कोड्यात २५ शब्द कोंबू नका, मी सहा-सातवर थांबते. धडा शिकवायच्या आधी कोडं देऊ नका, तेव्हा ते निव्वळ अंदाज बांधणं असतं.

घड्याळ लावून शर्यत घेऊ नका. ‘सगळ्यांत आधी कोण?’ म्हटलं की हळू पण नीट विचार करणारी मुलं तिसऱ्या मिनिटाला पेन्सिल खाली ठेवतात, आणि लांब शब्द तर त्यांच्यासाठीच उलगडायचे असतात.

अक्षरं उलटसुलट करून शब्द जुळवायला देताना सुटी अक्षरं देण्यापेक्षा तुकडे द्या: निर्, जंतुक, ई, करण.

आणि उत्तरं फळ्यावर एकदम लिहून टाकू नका. ज्याचं घर चुकलंय त्याला छेदणारा शब्द पुन्हा वाचायला सांगा आणि थांबा. माझा शेवटचा पाव तास त्यातच जातो. या पाव तासात मी काही बोलत नाही, बाकांमधून फिरते आणि कुणी स्वतःहून खोडून ‘ष्पो’ लिहितंय का ते बघते.