बुडालेल्या आगबोटीचा शोध : आधी घड्याळ, मग सोनार

युद्धात बुडालेली आगबोट शोधण्याचं निम्मं काम मी कोथरूडला, जेवणाच्या टेबलावर करते. भाड्याची बोट, डिझेल, खलाशी यांचं मीटर तासागणिक पळतं. कागद मात्र रात्रभर पसरून ठेवता येतात. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हाती मी सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी समुद्रतळ दाखवणारं यंत्र, लगेच देत नाही. आधी नकाशा, पेन्सिल, कर्कटक.

'मंगोलिया' घ्या. पी अँड ओ कंपनीची ही ९,५०५ टनांची आगबोट २३ जून १९१७ रोजी मुंबईपासून सुमारे ५० मैलांवर सुरुंगाला धडकून बुडाली. सुरुंग पेरले होते 'वोल्फ' या जर्मन जहाजाने, त्याच वर्षी फेब्रुवारीत. अशा बोटीसाठी वाचलेल्यांच्या जबान्या, कप्तानाने नोंदलेली बोटीची दुपारची जागा, बिनतारी संदेश आणि शत्रूची रोजनिशी, जे मिळेल ते गोळा करा. प्रत्येक जागेभोवती तिच्या भरवशाप्रमाणे लहानमोठं वर्तुळ काढा. वर्तुळं एकमेकांवर येतात तिथून शोध सुरू करायचा.

त्याआधी वेळ तपासा, यात मी कुणाला सूट देत नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून असली तरी मुंबईची घड्याळं पुढे कित्येक वर्षं तिच्या ३९ मिनिटं मागे चालत. ताशी १५ सागरी मैलांनी जाणारी बोट तेवढ्यात जवळजवळ दहा मैल जाते! जबानीतली वेळ मुंबईची, जहाजावरची की ग्रिनिचची, हे ठरल्याशिवाय वेग आणि दिशेवरून काढलेली जागा नकाशावर मांडू नका.

मग कोकणात उतरा आणि तांडेलांना, म्हणजे मासेमारी बोटींच्या प्रमुखांना, विचारा, जाळं नेहमी कुठे अडकतं. त्यांच्या जीपीएसमध्ये अशा जागा साठवलेल्या असतात. विश्वासाने दिलेली जागा गावभर करू नका, त्यावर त्यांचं पोट आहे.

पाण्यावर गेल्यावर साइड स्कॅन सोनारचा 'मासा', म्हणजे दोन्ही बाजूंना लहरी सोडणारं माशासारखं उपकरण, केबलने बोटीमागे ओढायचा. दोन्ही बाजूंना २५० मीटर दिसत असेल तर फेऱ्यांमध्ये २०० मीटर अंतर ठेवा, म्हणजे माशाच्या थेट खालची आंधळी पट्टी शेजारच्या फेरीत सापडते. १० किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला अशा सुमारे ५० फेऱ्या, म्हणजे ५०० किलोमीटर. ताशी ४ सागरी मैलांनी, वळणं सोडून, ६८ तास लागतात. कागदावर वर्तुळ लहान करण्याची किंमत इथे कळते.

पडद्यावर वस्तूपेक्षा तिची सावली नीट पाहा. मासा तळापासून २० मीटर वर आहे, सावलीचं टोक माशापासून १०० मीटरवर आणि सावली ४० मीटर लांब, तर उंची ४० गुणिले २० भागिले १००, म्हणजे ८ मीटर. खडकाची सावली बहुधा वेडीवाकडी पडते. सरळ कड, काटकोन किंवा डोलकाठीची बारीक रेघ दिसली की थांबा. त्याच जागेवरून उलट दिशेनेही फेरी मारा. केबल लांब असल्याने मासा बोटीच्या मागे असतो आणि जागा सरकलेली नोंदली जाते. दोन्ही नोंदींचा मध्य काढला की ही चूक बरीचशी निघून जाते. चुंबकमापकही (लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपणारं यंत्र) ओढा, पण तळाजवळून: अंतर दुप्पट झालं की लोखंडाची खूण आठपट क्षीण होते.

सापडलेली बोट हीच, हे बॉयलर सांगतात. पत्रा गंजून कोसळतो, पण जाड बॉयलर आणि इंजिन टिकतात. त्यांची संख्या, व्यास, भट्ट्यांची तोंडं बांधणीच्या आराखड्याशी ताडून पाहा. नुसत्या लांबीवरून नाव देऊ नका, कारण मोडलेल्या बोटीचे तुकडे पसरलेले असतात. कॅमेरा खाली सोडा, हात लावू नका. तिथे माणसं गेली आहेत, त्यांची नातवंडं आजही असतील.

शेवटी अक्षांश-रेखांश, खोली, सगळ्यात उंच भागावर उरलेलं पाणी आणि मोजणीची तारीख लिहून देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाला कळवा. नकाशावर खूण चढली तर जाळी वाचतील.