कॉलेजच्या फीवरचं टॅक्स क्रेडिट: अमेरिकेत ते कोणी घ्यायचं, किती आणि कसं

जानेवारीअखेर कॉलेजच्या पोर्टलवर १०९८-टी नावाचा, वर्षभरात भरलेल्या फीचा एक फॉर्म येऊन पडतो. पोरं तो उघडत नाहीत, आईबापांना तो आल्याचा पत्ता नसतो, आणि एप्रिलच्या १४ तारखेला रात्री पोर्टलचा पासवर्ड शोधायची धावपळ सुरू होते. आमच्याकडे लेकीच्या पहिल्या वर्षी हेच झालं. घाईत मी फॉर्मवरचे दोन आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकून मोकळा झालो, आणि तिच्या पुस्तकांच्या सातशे डॉलरच्या पावत्या ड्रॉवरमध्येच राहिल्या. त्या घाईची किंमत खाली हिशोबात येईलच.

भारतात जुन्या कर-पद्धतीत मुलांची ट्यूशन फी उत्पन्नातून वजा होते. इथलं क्रेडिट त्याहून भारी, कारण ते थेट करातून वजा होतं. म्हणूनच ते कोणाला मिळतं याचे नियम कडक आहेत. बहुतेक चुका ‘किती’मध्ये होत नाहीत, ‘कोणाला’मध्ये होतात. सुरुवात तिथूनच करा.

आधी व्हिसा बघा

पुण्या-नागपूरहून एमएस करायला आलेली मुलं दर फेब्रुवारीत एकच प्रश्न विचारतात: “काका, रूममेटला हजार डॉलर परत आले, मला का नाही?” उत्तर असं, की बहुधा रूममेटलाही ते मिळायला नको होते. एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता नॉन-रेसिडेंट असतो. ऑगस्ट २०२३मध्ये उतरलात तरी २०२३ हे पूर्ण एक वर्ष धरलं जातं, म्हणजे २०२७ संपेपर्यंत तुम्ही नॉन-रेसिडेंट. तोवर रिटर्न १०४०-एनआर (नॉन-रेसिडेंटचा फॉर्म), सोबत फॉर्म ८८४३ (ही वर्षं रेसिडेंट ठरवताना का मोजायची नाहीत ते सांगणारा), आणि शिक्षणाचं क्रेडिट शून्य. वर्षातला काही काळ जरी नॉन-रेसिडेंट असाल तरी ते मिळत नाही. जोडीदार सिटिझन किंवा रेसिडेंट असेल आणि दोघांनी मिळून रेसिडेंट म्हणून रिटर्न भरायचं ठरवलं, तर गोष्ट वेगळी.

गोंधळ होतो तो साध्या सॉफ्टवेअरमुळे. त्यात नॉन-रेसिडेंट असल्याचं आपण सांगितलं नाही, तर ते निमूटपणे १०४० (रेसिडेंटचा फॉर्म) भरून देतं आणि वर क्रेडिटही दाखवतं. असं झालं असेल तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, पत्राची वाट बघत बसू नका. १०४०-एक्सने, म्हणजे दुरुस्तीच्या रिटर्नने, स्वतःहून दुरुस्ती करा आणि पैसे परत करा. बेफिकिरीने चुकीचा दावा केला असं ठरलं तर हे क्रेडिट दोन वर्षं बंद होतं, आणि लबाडी केली असं ठरलं तर दहा वर्षं. एक दिलासा आहे: भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१मुळे आपल्या विद्यार्थ्यांना नॉन-रेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. ते मात्र सोडू नका.

एच-१बीवर बरीच वर्षं काढलेले, ग्रीन कार्डवाले, सिटिझन आणि त्यांची मुलं यांनी पुढे वाचावं.

मग कोणाच्या रिटर्नवर

मुलगा तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) म्हणून असेल तर क्रेडिट तुमचं, फी त्याने स्वतःच्या खात्यातून भरली असली तरी. साताऱ्याहून आजोबांनी फीचे पैसे परस्पर कॉलेजला पाठवले, तर ते नातवाने भरले असं धरलं जातं, आणि नातू डिपेंडंट असेल तर ते तुमच्या खात्यावर मोजले जातात. कर्ज काढून भरलेली फीसुद्धा चालते.

उत्पन्नाची मर्यादा अशी: एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला ८०,००० डॉलरपर्यंत पूर्ण क्रेडिट, ९०,०००ला शून्य. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नला १,६०,००० आणि १,८०,०००. लग्न होऊन वेगवेगळे रिटर्न भरलेत तर काहीच नाही.

आता न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरांत नेहमी दिसणारी परिस्थिती घ्या. दोघंही आयटीत, उत्पन्न मर्यादेच्या वर, आणि “आपल्याला काही मिळत नाही” म्हणून विषय बंद. थांबा. मुलीने को-ऑप (शिकताशिकता पगारी नोकरी) करून २०२५मध्ये २७,००० डॉलर कमावले असतील, तर १५,७५० स्टँडर्ड डिडक्शन जाऊन तिच्यावर १,१२५ डॉलर कर येतो. तुम्ही तिला डिपेंडंट म्हणून दाखवलंच नाही, तर ती स्वतःच्या रिटर्नवर क्रेडिट घेऊन हा कर पुसू शकते. तुमचं ५०० डॉलरचं डिपेंडंट क्रेडिट जाईल, पण घरात ६२५ जास्त राहतील. तिने मात्र “दुसरं कोणी मला डिपेंडंट दाखवू शकतं” या प्रश्नाला होच म्हणायचं, आणि परत मिळणाऱ्या भागाची (कर नसला तरी हातात येणारा, खाली बघा) आशा धरायची नाही. २४च्या आतला, आईवडिलांच्या जिवावर शिकणारा पूर्णवेळ विद्यार्थी तो भाग घेऊ शकत नाही.

दोनपैकी कोणतं

अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट डिग्रीच्या पहिल्या चार वर्षांसाठी आहे. पहिल्या २,००० डॉलर खर्चाचे १०० टक्के आणि पुढच्या २,०००चे २५ टक्के, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे जास्तीत जास्त २,५००. त्यातले ४० टक्के, म्हणजे कमाल १,०००, कर नसला तरी हातात येतात. विद्यार्थी वर्षातल्या निदान एका सत्रात अर्धवेळ किंवा त्याहून जास्त शिकत असला पाहिजे.

लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बाकी सगळ्यांसाठी: मास्टर्स, नोकरी करत रात्रीचं एमबीए, डिग्री नको पण कामासाठी एखादा कोर्स. १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाचे २० टक्के, एका रिटर्नला कमाल २,०००, आणि करापलीकडे एक पैसा परत नाही. एमबीएची फी कंपनीने भरली असेल तर तिची करमुक्त रक्कम यात धरता येत नाही. एकाच मुलासाठी एकाच वर्षी दोन्ही क्रेडिट घेता येत नाहीत.

१०९८-टी हातात घेऊन बसा

रकाना १मध्ये कॉलेजला मिळालेली रक्कम असते, रकाना ५मध्ये स्कॉलरशिप. रकाना ८वर खूण म्हणजे अर्धवेळ किंवा जास्त, रकाना ९वर खूण म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण. रकाना ७वर खूण असेल तर रकाना १मध्ये पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फीही आहे.

आमचे आकडे धरून चालू. रकाना १: ११,४००. रकाना ५: ९,०००. फरक २,४००. पहिल्यांदा मी एवढ्यावरच थांबलो, आणि क्रेडिट २,१०० आलं. पण ऑपर्च्युनिटी क्रेडिटमध्ये कोर्सला लागणारी पुस्तकं आणि साहित्य चालतं, कुठूनही घेतलेलं, जुनं असलं तरी. ते १०९८-टीवर बहुधा नसतं. ड्रॉवरमधले ७०० मिळवले की ३,१००, आणि क्रेडिट २,२७५. पावत्या विसरल्याची किंमत १७५ डॉलर. होस्टेल, मेस, विमा, प्रवास यातलं काही धरू नका.

अजून ९०० डॉलरची जागा उरते. स्कॉलरशिप राहण्या-जेवणावर खर्च करायला परवानगी असेल, तर तिच्यातले ९०० त्याकडे गेले असं दाखवता येतं. तेवढी स्कॉलरशिप मुलीच्या उत्पन्नात मोजली जाते, पण तिचं उत्पन्न कमी असेल तर त्यावर कर येतच नाही, आणि क्रेडिट पुरतं २,५००वर जातं. हे कायद्यात बसतं, फक्त स्कॉलरशिपच्या अटी आधी वाचायच्या. ट्यूशनपुरतीच असेल तर हात लावू नका.

५२९ (शिक्षणासाठीच्या करमुक्त बचतीच्या) खात्यातून फी भरणाऱ्यांनी ४,००० डॉलर खात्याबाहेरून भरावेत. तेच डॉलर दोन्हीकडे मोजता येत नाहीत, आणि ही चूक हमखास होते.

चार वर्षं, पाच रिटर्न

ऑगस्ट २०२२ला सुरू झालेली आणि मे २०२६ला संपणारी डिग्री पाच कर-वर्षांवर पसरते. ऑपर्च्युनिटी क्रेडिट फक्त चारदा. म्हणून पहिल्या वर्षी घ्यायचं की सोडायचं, हे आधी ठरवावं. एका सत्राचीच फी असलेलं वर्ष बहुधा सर्वांत हलकं. डिसेंबरात स्प्रिंगची फी भरली तर ती याच वर्षात येते, जानेवारीत भरली तर पुढच्या. तारीख तुमच्या हातात आहे.

फॉर्म

हे क्रेडिट मागायचा फॉर्म ८८६३ उलट्या बाजूने भरायचा: आधी तिसरा भाग, दर विद्यार्थ्याला एक, त्यात कॉलेजचा ईआयएन (कर खात्याकडचा ओळख क्रमांक) लागतो, तो १०९८-टीवर असतोच. मग पहिला भाग, मग दुसरा. परत मिळणारी रक्कम १०४०च्या ओळ २९वर जाते, बाकीची शेड्यूल ३वर. २०२६च्या कर-वर्षापासून रिटर्न भरणाऱ्याचा आणि मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. नुसत्या आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांना मिळणाऱ्या कर-क्रमांकावर) भागणार नाही.

जुनं क्रेडिट राहून गेलं असेल तर साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांत १०४०-एक्सने मागता येतं. मी तसंच केलं. १७५ डॉलर आले, आणि लेकीने पावत्या शोधून दिल्याबद्दल त्यातले पन्नास मागून घेतले.